आपल्या माणसाच्या स्मरणार्थ चर्चला कलाकृती द्यायची असेल तर

घरातलं माणूस गेलं की काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, कुणीतरी विषय काढतं: "तिच्या नावानं चर्चमध्ये काहीतरी करूया." कुणाच्या मनात खिडकीची रंगीत काच असते, कुणाच्या मनात संत योसेफाची मूर्ती, तर कुणाला वेदीमागे नवा क्रूस हवा असतो. इच्छा मनापासूनची असते, पण पुढे काय करायचं हे ठाऊक नसतं. मग कॅटलॉग बघून मूर्ती मागवली जाते, चौथऱ्यावर मोठ्या अक्षरांत नाव कोरलं जातं, आणि पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी ती मूर्ती कोठीच्या खोलीत जाते ती परत येतच नाही.

हे टाळायचं तर सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. चर्चला दिलेली कलाकृती कुटुंबाची राहत नाही. तिच्यासमोर जी माणसं बसतील, गुडघे टेकतील, त्यांतली बहुतेक तुमच्या माणसाला ओळखत नसतील, आणि पन्नास वर्षांनी तर कुणीच ओळखत नसेल. त्या अनोळखी माणसाला तिच्यापुढे प्रार्थना सुचली पाहिजे. तुमच्या आईचं, भावाचं, लेकराचं स्मरण त्या प्रार्थनेत आपोआप सामील होतं. हे ज्यांना पटतं त्यांना पुढची वाट सोपी जाते. ज्यांना चर्चमध्ये आपल्या माणसाचं स्मारकच उभं करायचं असतं, त्यांची पावलोपावली अडचण होते.

घाई नको, आणि कलाकाराकडे आधी जाऊ नका

दुःख ताजं असताना विषय ठरवू नका. पहिल्या काही महिन्यांत मन एकाच प्रसंगाभोवती घुटमळतं, बहुधा शेवटच्या आजारपणाभोवती किंवा अपघाताभोवती. वर्षभरानंतर त्याच माणसाचं सबंध आयुष्य दिसायला लागतं आणि विषय त्यातून सापडतो. पैसे हवं तर बाजूला काढून ठेवा, निर्णय मात्र पिकू द्या.

पहिली भेट घ्यायची ती फादरांची किंवा पाळकांची. कलाकाराकडून रेखाटन करून घेऊन मग ते फादरांपुढे ठेवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तिथे फादरांना "नाही" म्हणणं जड जातं आणि "हो" म्हणणं त्याहून जड. त्यापेक्षा मोकळ्या हातांनी जा आणि विचारा: आपल्या चर्चला कशाची गरज आहे? बऱ्याचदा उत्तर अनपेक्षित असतं. मूर्ती पुरेशा असतात, पण क्रूसाच्या वाटेची चित्रं फिकी पडलेली असतात. बाप्तिस्म्याच्या कुंडामागची भिंत रिकामी असते. मिरवणुकीचा क्रूस जुना, डुगडुगणारा असतो.

चर्चला हो म्हणण्याआधी वरच्या पातळीवर विचारावं लागतं, हेही लक्षात घ्या. कॅथलिक चर्चमध्ये प्रतिमांची संख्या माफक असावी आणि त्यांची मांडणी योग्य असावी, असं १९८३च्या धर्मसंहितेतलं कलम ११८८ सांगतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेवरचा जो दस्तऐवज दिला, त्यात भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याला पसंती दिली आहे आणि कलाकृतींबाबत बिशपांनी धर्मप्रांताच्या पवित्र कला समितीचा सल्ला घ्यावा असं म्हटलं आहे. मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचनांनुसार एका चर्चमध्ये एका संताची सहसा एकच प्रतिमा असावी. म्हणजे संत अंथनीची मूर्ती आधीच असेल तर तुमच्या अंथनीकाकांसाठी दुसरी बसणार नाही, काका कितीही मोठे असोत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तर अशा बदलासाठी धर्मप्रांताच्या न्यायव्यवस्थेकडून रीतसर परवाना घ्यावा लागतो आणि त्याआधी सल्लागार समिती कागद तपासते. ऑर्थोडॉक्स परंपरेत त्रिमितीय मूर्ती सहसा चालत नाही, आयकॉन म्हणजे फळीवर रंगवलेलं पवित्र चित्र चालतं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पूजेसाठी वाटेल अशी प्रतिमाच नको असते. तिथे खिडकी, व्यासपीठ, प्रभुभोजनाचं मेज, साधा क्रूस किंवा वेदीवरचं भरतकाम हा मार्ग उरतो. इमारत वारसा यादीत असेल तर सरकारी परवानगी वेगळी.

या परवानग्यांना काही महिने लागतात. त्या हातात येईपर्यंत कलाकाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

पैसे कुणाच्या हातात, कशासाठी

रक्कम चर्चच्या खात्यात द्या, सोबत पत्र द्या, आणि त्या पत्रात हेतू स्पष्ट लिहा. कॅथलिक धर्मसंहितेचं कलम १२६७ सांगतं की विशिष्ट हेतूनं दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं. पण हेतू तोंडी सांगितला असेल तर फादरांची बदली झाल्यावर तो कुणाला आठवणार? पत्रात आणखी दोन प्रश्नांची उत्तरं असू द्या. पैसे उरले तर कुठे जातील, आणि परवानगी नाकारली गेली तर काय होईल.

बरीच भावंडं, चुलत-मावस नातेवाईक, मित्रमंडळी मिळून देणार असतील तर एकच माणूस चर्चशी आणि कलाकाराशी बोलेल असं ठरवा. सगळ्यांचं ऐकून घ्यायची जागा घरातली बैठक. स्टुडिओत पाच जणांनी पाच सूचना पाठवल्या की चित्र बिघडतं आणि नातीही. कुणी किती दिले याची यादी कुटुंबातही वाचून दाखवू नये असं मला ठामपणे वाटतं.

खर्चाचा अंदाज काढताना कलाकाराच्या मानधनावर थांबू नका. वाहतूक, विमा, मचाण, भिंतीचं किंवा चौकटीचं बांधकाम, वजनासाठी इंजिनिअरचं मत, दिवे, पाटी, कर हे सगळं वेगळं असतं. शिवाय एकूण रकमेचा साधारण दहावा भाग देखभालीसाठी चर्चकडे वेगळा ठेवावा.

रक्कम थोडी असेल तर संकोच नको. पिढ्यान्पिढ्या माणसं मिस्साच्या चषकाच्या तळाशी आतल्या बाजूला नाव कोरून देत आली आहेत. रोज हातात घेतला जाणारा चांगल्या घडणीचा चषक, सुबक भरतकामाचा झगा, शुभवर्तमानाच्या ग्रंथाचं आवरण ही सुमार दर्जाच्या मोठ्या मूर्तीपेक्षा कितीतरी मोलाची देणगी आहे. क्रूसाच्या वाटेची १४ स्थानकं असतात, ती १४ कुटुंबांनी मिळून द्यायची ही फार चांगली रीत. फक्त सगळी एकाच कलाकाराकडून, एकाच वेळी करून घ्या.

विषय: माणसापासून वचनापर्यंत

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

बसा आणि गेलेल्या माणसाबद्दल लिहून काढा. "प्रेमळ होती, धार्मिक होती" एवढं पुरत नाही. ती काय करत असे? हातात कायम काय असे? कोणतं स्तोत्र तिला पाठ होतं? कोणाची सेवा केली? कशाला घाबरत असे? अशा पाच-सात खऱ्या गोष्टी जमल्या की शास्त्रातला प्रसंग जवळ येऊ लागतो.

आयुष्यभर रुग्णांची सेवा केलेल्या परिचारिकेसाठी चांगला शोमरोनी सगळ्यांनाच सुचतो. पण पेत्राच्या सासूला येशू हात धरून उठवतो आणि ती लगेच उठून इतरांची सेवा करू लागते, तो प्रसंग पाहा. तो क्वचितच चितारलेला दिसतो. नातवंडांना प्रार्थना शिकवणाऱ्या आजीसाठी बाळ मरियेला वाचायला शिकवणारी तिची आई संत हन्ना आहे. म्हातारपणी रोज चर्चच्या त्याच बाकावर बसणाऱ्या आजोबांसाठी लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शिमोन आणि संदेष्टी हन्ना आहेत, ज्यांनी मंदिरात वाट पाहण्यात आयुष्य घालवलं. मुलासाठी अश्रू ढाळणाऱ्या आईसाठी संत मोनिका. दीर्घ संसार केलेल्या जोडप्यासाठी काना गावचं लग्न, किंवा अम्माऊसच्या वाटेवर संध्याकाळी ओळखीचा झालेला तो तिसरा सोबती. चांगल्या मरणासाठी ज्याची मध्यस्थी मागतात तो संत योसेफ कामगारांचाही आश्रयदाता आहे, म्हणून कष्टकरी बापासाठी तो दोन्ही अंगांनी शोभतो.

लहान मूल गेलं असेल तर फार जपून. याईराच्या मुलीला येशूनं उठवलं तो प्रसंग काही आईबापांना आधार देतो. काहींना मात्र तो दर रविवारी टोचतो, कारण त्यांचं लेकरू उठलं नाही. मुलांना जवळ घेणारा येशू, हरवलेलं कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, किंवा लाजराच्या कबरेपाशी रडणारा येशू हे विषय अशा वेळी पुन्हा पुन्हा विचारात घ्यावेत. योहानाच्या ११व्या अध्यायात पुनरुत्थानाचं अभिवचन येतं आणि त्याच अध्यायात येशूचे अश्रूही येतात. माझं मत विचाराल तर स्मरणार्थ द्यायच्या कलेसाठी अख्ख्या बायबलात याहून समृद्ध अध्याय नाही. मार्था बोलते, मरिया पाया पडते, शेजारी कुजबुजतात, आणि देव रडतो. शोकाचे सगळे प्रकार एका चौकटीत बसतात.

तिथे बसणाऱ्या लोकांचाही विचार करा. जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डनं १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या मठासाठी वेदीचित्र केलं. त्या मठात त्वचा जाळून सडवणाऱ्या रोगाचे रुग्ण येत. त्यानं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं अंग व्रणांनी भरलेलं रंगवलं. रुग्णाला आपलं शरीर देवाच्या शरीरावर दिसलं. चर्चमध्ये कोण येतं हे ठाऊक असलेल्या कलाकारालाच हे जमतं.

गेलेल्या माणसाचा चेहरा असावा का

बहुतेक कुटुंबांची ही इच्छा असते, आणि माझं उत्तर जवळजवळ नेहमी "नको" असं असतं. जिला संत किंवा धन्य घोषित केलेलं नाही अशी व्यक्ती पूजेच्या जागी येऊ नये हा चर्चचा दंडक आहेच. त्याशिवाय मरियेला आईचा चेहरा दिला की घरातल्यांना मरिया दिसत नाही आणि बाहेरच्यांना आई समजत नाही. जुन्या वेदीचित्रांत दान देणारे कोपऱ्यात गुडघे टेकून दिसतात खरे, पण ते प्रार्थना करणारे म्हणून तिथे असतात.

याहून सुंदर वाट आहे ती खुणेची. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये १३व्या शतकातल्या अनेक खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, जोडे शिवणारे, लाकूड तासणारे कारागीर आपल्या कामात मग्न दिसतात. तुमच्या काचेतही शिंपीणबाईंची कात्री, मास्तरांचा खडू, बागेतलं तिचं आवडतं फूल कडेच्या वेलबुट्टीत येऊ शकतं. ज्यांना माहीत आहे त्यांना ते दिसतं, इतरांना ते नक्षीचा भाग वाटतं आणि प्रार्थनेत अडथळा येत नाही.

अपवाद किती उंच जाऊ शकतो हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ट्यूडली नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या डॅविग्डॉर-गोल्डस्मिड कुटुंबातली सारा १९६३ मध्ये नौकेच्या अपघातात बुडाली, वय २१. तिला चित्रकार मार्क शगालच्या काचा फार आवडत, म्हणून आईवडिलांनी गावातल्या ऑल सेंट्स चर्चच्या पूर्व खिडकीचं काम शगालला दिलं. निळ्या काचेत खाली लाटांवर तरंगणारी मुलगी आहे, शोक करणारी माणसं आहेत, आणि वर चढत जाणारी शिडी क्रूसावरच्या ख्रिस्तापर्यंत पोचते. १९६७ मध्ये ती बसवली गेली. ती जागेवर पाहून शगालनं बाकीच्या खिडक्याही करायची तयारी दाखवली आणि १९८५ पर्यंत सगळ्या बारा खिडक्या त्याच्या झाल्या. इथे मुलगी चित्रात आहे, पण नजर तिच्यावर अडत नाही, शिडीनं वर जाते. कुणाचाही बुडालेला जीव त्या शिडीनं वर जाऊ शकतो. चेहऱ्याचा हट्ट असेलच तर कलाकाराकडे ही जाण आहे का ते आधी तपासा.

ट्यूडलीचीच आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. वेदीजवळच्या खिडक्यांत आधीच व्हिक्टोरियन काळातल्या रंगीत काचा होत्या. त्या काढायच्या का, यावर बराच काळ अडलं. शेवटी त्या चर्चच्या आतल्या खोलीत नेऊन मागून दिवे लावून जपल्या. तुमची कलाकृती ज्या जागी येणार तिथे आधी कुणाच्या स्मरणार्थ काय होतं, हे जुन्या नोंदींत जरूर पाहा. आपल्या दुःखासाठी दुसऱ्याच्या आजीची आठवण हलवायची असेल तर निदान त्या घरी जाऊन बोलावं.

काच, लाकूड, दगड, रंग

रंगीत काच घ्यायची तर आधी खिडकीची दिशा बघा. पूर्वेच्या काचेतून सकाळच्या उपासनेला ऊन येतं, पश्चिमेची संध्याकाळी पेटते, सावलीतल्या बाजूला गडद निळा-जांभळा घेतला तर वर्षभर काळोख. काचेवरचं रेखाटन धातूंच्या भस्मांचा रंग लावून भट्टीत ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला भाजलेलं असेल तर ते टिकतं. नुसत्या थंड रंगानं रंगवलेली काच काही वर्षांत सोलते, तेव्हा हा प्रश्न थेट विचारा. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या शंभरेक वर्षांनी थकतात आणि बदलाव्या लागतात. बाहेरून संरक्षक काच लावणार असाल तर मधल्या पोकळीत हवा खेळली पाहिजे, नाहीतर आत पाणी धरतं.

भित्तिचित्राआधी भिंतीची ओल तपासून घ्या. ओल्या भिंतीतून मीठ वर येतं आणि चित्र ढलप्यांनी निघतं. तिथे मोझॅक किंवा भिंतीपासून सुटं लावलेलं चित्र बरं. लाकडी मूर्तीला वाळवी आणि दमटपणा यांचं भय, म्हणून लाकूड किती वर्षं सुकवलेलं आहे ते विचारा. फायबरची मूर्ती हलकी नि स्वस्त, पण उन्हात रंग उडतो. ब्राँझ महाग आणि जवळजवळ अमर. आयकॉन लाकडी फळीवर, खडूच्या पांढऱ्या थरांवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी आणि सोन्याच्या वर्खानं करतात. त्याच्यासमोर मेणबत्त्यांचा स्टँड अगदी खेटून ठेवला तर काजळी बसते, म्हणून अंतर आराखड्यातच धरावं.

कलाकार शोधताना

वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. त्या कलाकाराचं चर्चमधलं निदान दहा वर्षं जुनं काम जाऊन बघा. रंग उतरलेत का, सांधे उघडलेत का ते पाहा, आणि तिथल्या फादरांना विचारा की काम वेळेवर झालं का, सूचना ऐकून घेतल्या का. जमलं तर त्या चर्चमध्ये एक उपासना बसून करा. प्रवचन चालू असताना ते चित्र मदत करतं की लक्ष ओढून नेतं, हे तिथेच कळतं.

कलाकार श्रद्धाळू असलाच पाहिजे का? शगाल ज्यू होता. फ्रान्समधले डॉमिनिकन फादर कुत्युरिए यांनी तर आग्रहानं आधुनिक काळातल्या मोठ्या कलाकारांना चर्चची दारं उघडली, मग त्यांची श्रद्धा काहीही असो. मला वाटतं, कलाकारानं शास्त्रातला तो उतारा मनापासून वाचायची आणि त्या जागेत शांत बसायची तयारी दाखवली पाहिजे. एवढी आस्था नसेल तर श्रद्धेचा दाखला काही कामाचा नाही.

मात्र मंडळीला सोबत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुत्युरिए यांच्याच प्रेरणेनं सजलेल्या फ्रान्समधल्या आसीच्या चर्चमध्ये शिल्पकार जर्मेन रिशिए हिनं केलेला क्रूस लागला. त्यात ख्रिस्ताचं शरीर आणि क्रूस एकजीव झालेले आहेत, चेहऱ्याला नाकडोळे नाहीत. विरोध इतका झाला की १९५१ मध्ये तो वेदीवरून काढावा लागला; परत यायला बरीच वर्षं लागली. काम थोर होतं, तरी ते काढलं गेलंच. तुमच्या आईच्या नावाची वस्तू अशा वादात सापडू नये असं वाटत असेल, तर रेखाटन पक्कं होण्याआधी मंडळीला दाखवा आणि ऐकून घ्या.

शैलीबाबत एवढंच की युरोपातल्या छापील चित्राची नक्कल म्हणजेच पवित्र, हा समज सोडून द्यायला हवा. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली तेव्हा टीका झाली होती. आज ती चित्रं पाहताना ती परकी वाटत नाहीत.

टिपण, रेखाटन आणि खाकी कागद

कलाकाराला दोन पानांचं लेखी टिपण द्या. गेलेल्या माणसाबद्दलच्या दोन-तीन खऱ्या आठवणी, निवडलेला शास्त्रउतारा, जागेची मापं आणि फोटो, उजेड कधी नि कुठून येतो, मंडळीला काय चालणार नाही, खर्चाची मर्यादा, आणि अपेक्षित तारीख. इंटरनेटवरचं चित्र देऊन "अस्संच हवं" म्हणू नका. तसं म्हटलं की तुम्ही कलाकार नेमत नाही, नक्कल मागवता.

पहिल्या रेखाटनाचे पैसे वेगळे ठरवून द्या, पुढे काम द्या किंवा न द्या. त्यानंतर लहान आकारात रंगीत नमुना, मूर्ती असेल तर मातीचा लहान नमुना, काच असेल तर पूर्ण आकाराचा आराखडा आणि काचेचा एखादा भाजलेला तुकडा, असे टप्पे असावेत. प्रत्येक टप्प्यावर चर्चची लेखी संमती घ्या.

आता एक साधा प्रयोग, जो मी प्रत्येकाला करायला लावते. खाकी कागद जोडून कलाकृतीच्या नेमक्या आकाराचा तक्ता करा आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर चिकटपट्टीनं लावा. जाड खडूनं त्यावर मुख्य आकृत्यांच्या बाह्यरेषा काढा. मग उपासनेच्या नेमक्या वेळी शेवटच्या बाकावर जाऊन बसा, नंतर कडेच्या बाकावर, मग गुडघे टेकून. खांबाआड काय जातं? पंख्याची सावली कुठे पडते? फादर वेदीपाशी उभे राहिले की त्यांच्या डोक्यामागून संताचा हात उगवल्यासारखा दिसतो का? व्हीलचेअरवरच्या माणसाला वरची कडा दिसते का? हा कागद पुढच्या उपासनेपर्यंत तसाच राहू द्या आणि लोक काय बोलतात ते ऐका. आकार लहान करावा किंवा जागा दोन हात सरकवावी असं बहुतेक वेळा इथेच लक्षात येतं, आणि कागद सरकवायला काहीच खर्च येत नाही.

करार

करारात चर्च मालक, कलाकार करणारा आणि कुटुंब दान देणारं, अशा तिघांच्या सह्या असाव्यात. माप, साहित्य, टप्पे, तारखा आणि हप्ते लिहा. सही झाल्यावर एक तृतीयांश, आराखडा मंजूर झाल्यावर एक तृतीयांश आणि जागेवर बसवून झाल्यावर उरलेले, ही विभागणी दोन्ही बाजूंना सांभाळून घेते. किती बदल विनामूल्य, उशीर झाला तर काय, कलाकार आजारी पडला किंवा निवर्तला तर अर्धवट काम कुणाचं, वाहतुकीत फुटलं तर विमा कुणाचा, हे सगळं आत्ताच ठरवा. कॉपीराइट बहुतेक देशांत लेखी हस्तांतर केल्याशिवाय कलाकाराकडेच राहतो. म्हणून प्रार्थनेच्या कार्डावर किंवा चर्चच्या स्मरणिकेत चित्र छापायची परवानगी करारातच मागून घ्या.

एक कलम कुटुंबांना लिहावंसं वाटत नाही, पण ते लिहाच: चर्च बंद झालं, पाडलं किंवा नव्यानं बांधलं तर कलाकृतीचं काय होईल. कुटुंबाला आधी कळवावं, शक्यतो दुसऱ्या चर्चला द्यावी, विकू नये, एवढं तरी असू द्या.

पाटीवरचे शब्द

पाटी लहान असावी, कलाकृतीवर नको, तिच्या खाली किंवा बाजूच्या भिंतीवर. "यांच्या स्मरणार्थ", नाव, जन्म आणि मृत्यूची वर्षं, आणि फार तर एक वचन, जसं "पुनरुत्थान व जीवन मीच आहे". पदव्या, हुद्दे, देणगीदारांची रांग नको. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं मत्तयच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे, ते इथे लागू पडतं. काही ठिकाणी नावाच्या पाट्यांना परवानगीच नसते. तिथे चर्चमध्ये स्मरणवही ठेवून त्यात सुंदर अक्षरात नोंद करावी.

कोरण्याआधी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या. घरातल्या दोघांनी वेगवेगळा वाचून सही करावी, जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या दाखल्याशी ताडून घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, आडनावाचं घरातलं रूढ रूप हे अक्षर-अक्षर तपासा. पितळेत कोरलेली चूक पुसता येत नाही.

आशीर्वादाचा दिवस

काम निदान आठवडाभर आधी बसवून झालेलं असावं. तारीख पुण्यतिथीची, त्या संताच्या सणाची, किंवा २ नोव्हेंबरच्या मृत विश्वासूंच्या दिवसाची घेता येते. कलाकाराला बोलवा आणि चित्रातल्या खुणांबद्दल चार वाक्यं त्यालाच बोलू द्या.

सगळ्यांत जवळच्या माणसाला, म्हणजे त्या आईला किंवा त्या नवऱ्याला, ती कलाकृती पहिल्यांदा समारंभात दाखवू नका. आदल्या दिवशी चर्च रिकामं असताना त्यांना नेऊन एकटं बसू द्या. शंभर जणांच्या नजरेसमोर पडदा सरकतो तेव्हा रडताही येत नाही आणि बघताही येत नाही.

त्यानंतर

कलाकाराकडून एक फाइल घ्या आणि तिच्या प्रती चर्चच्या दप्तरात, धर्मप्रांताकडे आणि घरी ठेवा. त्यात कोणतं साहित्य, कोणते रंग, कोणत्या प्रकारची काच, कशी बसवली, बसवतानाचे फोटो आणि साफसफाईच्या सूचना असाव्यात. काचेचं काम असेल तर त्याच काचेचे उरलेले तुकडे खुणा करून जपून ठेवा. पुढे एखादा तुकडा फुटला तर तोच रंग मिळणं अवघड असतं.

मोठं नुकसान बऱ्याचदा प्रेमानंच होतं. सणाआधी उत्साही मंडळी ओल्या फडक्यानं सोनेरी वर्ख पुसतात, लाकडाला तेल चोळतात, मूर्तीला घराच्या भिंतीचा ऑइलपेंट लावतात. २०१२ मध्ये स्पेनमधल्या बोर्हा गावच्या चर्चमध्ये ख्रिस्ताचं खराब होत चाललेलं भित्तिचित्र एका वृद्ध भक्त बाईनं चांगल्या मनानं दुरुस्त करायला घेतलं आणि मूळ चेहरा झाकला गेला. म्हणून फाइलमधली एक ओळ चर्चच्या कोठीत भिंतीवरही लावा: कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकावी, बाकी काहीही करण्याआधी या नंबरवर विचारावं. दर पाच वर्षांनी जाणत्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी, तिचा खर्च त्या बाजूला ठेवलेल्या दहाव्या भागातून भागतो. ही तपासणी कुणाच्या अंगावर आहे ते नावानं नव्हे, पदानं लिहा, म्हणजे माणसं बदलली तरी काम चालू राहतं.